मैहर : बंदुकीच्या नळ्यांतून उमटलेले सूर

मुंबईहून जबलपूरमार्गे उत्तरेकडे जाणारी गाडी कटनी सोडते आणि थोड्याच वेळात डब्यात लगबग सुरू होते. वरच्या बाकावरची गाठोडी खाली येतात, झोपलेल्या मुलांना हलवून उठवले जाते, कुणीतरी दारातून डोकावून 'टेकडी दिसली का' म्हणून विचारते. मैहर जवळ आलेले असते. मध्य प्रदेशाच्या ईशान्य भागातले हे एके काळचे छोटे संस्थान. सतन्यापासून जेमतेम चाळीस किलोमीटरवर असलेले हे गाव बरीच वर्षे सतना जिल्ह्यात होते. २०२३ मध्ये ते स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झाले. परिसरात चुनखडीचा दगड विपुल, त्यामुळे सिमेंटचे कारखानेही इथे आले. पण गाडीतून उतरणाऱ्या बहुतेकांना यातल्या कशाशीच कर्तव्य नसते. ते आलेले असतात त्रिकूट टेकडीवरच्या शारदादेवीच्या दर्शनाला.

टेकडीला १०६३ पायऱ्या आहेत. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांच्यासाठी २००९ पासून रोपवेची सोय झाली आहे. तरीही नवस बोललेली माणसे पायऱ्याच चढतात. शंकराच्या खांद्यावरच्या सतीच्या देहावरून तिचा हार इथे गळून पडला, म्हणून 'माई का हार' आणि त्याचेच पुढे मैहर झाले, अशी कथा प्रत्येक प्रसादवाला सांगतो. दुसरी कथा आल्हा-उदल या बुंदेलखंडी वीरांपैकी आल्हाची. तो देवीचा परमभक्त. आजही पहाटे मंदिराचे दार उघडण्याआधीच तो येऊन पूजा करून जातो, अशी इथल्या लोकांची श्रद्धा आहे. टेकडीच्या पायथ्याशी त्याच्या नावाचे तळे आणि आखाडाही दाखवतात.

पायथ्याशी आणखी एक दृश्य हमखास दिसते. नवे कपडे घातलेली, भोकांड पसरलेली लहान बाळे, त्यांना मांडीवर घेऊन बसलेल्या आया आणि वस्तरा परजणारे न्हावी. या भागातली कुटुंबे मुलाचे जावळ काढायला मैहरला येतात. शारदा ही विद्येची देवी. तेव्हा आयुष्याचा आरंभ तिच्या पायाशी व्हावा, ही साधी भावना.

दर्शन झाले, प्रसादाची पुडी बांधून घेतली, की यात्रेकरू स्टेशनकडे वळतात. याच गावात एका माणसाने संगीताची बाराखडीही न येणाऱ्या, आईबाप नसलेल्या मुलांच्या हाती वाद्ये दिली आणि त्या मुलांचा वाद्यवृंद शंभर वर्षे उलटली तरी वाजतो आहे, हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असते.

मदिना भवन

तो माणूस म्हणजे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ. मैहरमध्ये त्यांना कोणी उस्ताद म्हणत नाही. ते सगळ्यांचे 'बाबा'. पत्नी मदिना बेगम यांचे नाव दिलेले त्यांचे घर 'मदिना भवन' आजही उभे आहे. बाबांची आणि त्यांच्या पत्नीची समाधीही तिथेच आहे. ६ सप्टेंबर १९७२ रोजी बाबा मैहरमध्येच वारले. त्यांच्या जन्मसालाबद्दल एकमत नाही. कुणी १८६२ सांगतात, तर कुणी १८८१. १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९७१ मध्ये पद्मविभूषण मिळालेला हा कलावंत पाच वेळा नमाज पढे आणि शारदादेवीलाही आई म्हणे. तिच्या दर्शनाला तो टेकडी चढून जात असे, याच्या आठवणी गावात अजून सांगितल्या जातात.

अशा माणसाचे घर संगीतप्रेमींचे तीर्थ व्हावे, यात नवल नाही. पं. रविशंकर, उस्ताद अली अकबर खाँ, अन्नपूर्णादेवी, पं. निखिल बॅनर्जी ही सगळी नावे इथली. बासरीला मैफलीत मानाचे स्थान मिळवून देणारे पन्नालाल घोषही बाबांचेच शिष्य. परंतु ही मोठी नावे घेताना आधी बाबा स्वतः कसे शिकले ते पाहायला हवे. त्याशिवाय त्या पोरक्या मुलांच्या वाद्यवृंदाचे मोल कळत नाही.

बंद दारांपुढे उभा राहिलेला मुलगा

बाबांचा जन्म पूर्व बंगालातल्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या, ब्राह्मणबाडिया भागातल्या शिबपूर गावचा. गाण्याच्या ओढीने हा मुलगा घरातून पळाला. जत्रा म्हणजे बंगालमधली फिरती लोकनाट्ये. अशा एका मंडळीबरोबर भटकत तो कलकत्त्याला पोचला. तिथे गोपालकृष्ण भट्टाचार्य ऊर्फ नुलो गोपाल या गायकाने त्याला शिष्य केले, पण अट घातली ती बारा वर्षे नुसते सूर घोटण्याची. मुलाने ती मान्य केली. सात वर्षे झाली आणि गुरू प्लेगने गेले. त्या दुःखात त्याने गाणे सोडले आणि तो वाद्यांकडे वळला.

पुढे जो जे शिकवील त्याच्याकडून ते घ्यायचे, असा सपाटा सुरू झाला. स्वामी विवेकानंदांचे नातलग अमृतलाल दत्त यांच्याकडे निरनिराळी वाद्ये, हजारी उस्तादांकडे सनई, आणि लोबो नावाच्या एका गोमंतकीय बँडमास्तरांकडे पाश्चात्त्य पद्धतीचे व्हायोलिन. गोव्याच्या या मास्तरांचे नाव संगीताच्या इतिहासात एवढ्याच एका ओळीपुरते येते. परंतु त्यांनी दिलेली विद्या पुढे मैहरच्या मुलांच्या कामी आली.

खरी परीक्षा रामपूरला झाली. तिथे तानसेनाच्या परंपरेतले बीनकार उस्ताद वझीर खाँ होते. त्या काळी अशा घराण्यांची विद्या कुटुंबाबाहेर सहसा जात नसे. गंडाबंधन होई ते ओळखीपाळखीच्या, ऐपतदार माणसाचे. गुरू शिष्याच्या मनगटाला धागा बांधी, गूळ-चणे भरवी, आणि शिष्य यथाशक्ती नजराणा देई. परगावच्या या फाटक्या तरुणाला दारवानच आत सोडीना. शेवटी त्याने रामपूरच्या नवाबाच्या गाडीपुढे स्वतःला झोकून दिले, आणि नवाबाच्या शब्दामुळे वझीर खाँनी त्याला शिष्य केले, असे सांगतात. त्यानंतरही गुरूंनी बराच काळ त्याच्याकडे ढुंकून पाहिले नाही. तो मात्र दारात उभा राहायला चुकला नाही. पुढे वझीर खाँनी त्याला भरभरून दिले.

मानमोडीची साथ आणि पोरकी मुले

१९१८ च्या सुमारास महाराजा ब्रिजनाथ सिंह यांनी अल्लाउद्दीन खाँना मैहरला आणले. महाराज स्वतः त्यांचे शिष्य झाले. संस्थान छोटे, पण राजा गुणग्राहक.

ती वर्षे फार वाईट होती. महाराष्ट्रात जिला 'मानमोडी' म्हणत, त्या इन्फ्लुएन्झाच्या साथीने १९१८ मध्ये देशभरात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. घरेच्या घरे ओस पडली. मैहरच्या मुलुखातही साथीने पोरकी झालेली मुले उरली. या मुलांचे करायचे काय? कुणी त्यांना शेतावर राबवले असते, कुणी वाड्यावर पाणी भरायला ठेवले असते. बाबांनी त्यांना वाद्ये शिकवायचे ठरवले. महाराजांनी पाठबळ दिले आणि 'मैहर बँड' जन्माला आला.

कल्पना करावी अशी ही गोष्ट आहे. पुढ्यात बसलेली मुले निरक्षर. घरात गाण्याचा गंध नाही. सा कशाला म्हणतात ते ठाऊक नाही. जवळ नजराणा द्यायला फुटका पैसा नाही. घराण्याच्या कुठल्याही उस्तादाने त्यांना दारातूनच परत पाठवले असते. ज्याला स्वतःला त्या दारांपुढे वर्षानुवर्षे तिष्ठावे लागले होते, त्याने मात्र त्यांना बोलावून घेतले. कुळ विचारले नाही, जात विचारली नाही, आवाज किंवा हात पारखून 'जमणार नाही' म्हटले नाही.

सर्वसामान्यांच्या मुलांना संगीत शिकता यावे म्हणून पं. विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, हे मराठी वाचकांना ठाऊक आहेच. मैहरमध्ये घडले ते त्याच जातकुळीचे काम. फरक इतकाच, की इथे विद्यार्थी शाळेच्या दारात आले नव्हते. दुर्दैवाने आणून सोडलेल्या मुलांसाठी शाळा उभी राहिली होती.

वाद्यवृंदच का?

नवशिक्या मुलाला एकट्याने वाजवायला सांगितले तर तो बिचकतो. चूक उघडी पडते, हात थरथरतो. पाचपंधरा जण एकच गत वाजवीत असले, की कच्च्याला पक्क्याचा आधार मिळतो. लय चुकली तर शेजाऱ्याच्या हाताकडे पाहून सावरता येते. आपल्याकडे भजनी मंडळात टाळ हाती घेतलेले पोर कसे शिकते, तसेच हे. त्याला कुणी ताल समजावून सांगत नाही. तो दिंडीत चालता चालता तालात येतो.

आपले रागसंगीत मुळात एकट्या कलावंताचे. त्यात अनेकांनी मिळून वाजवायचे, तर प्रत्येकाने काय वाजवायचे ते आधी ठरवायला हवे. बाबांनी या मुलांसाठी निरनिराळ्या रागांत खास रचना बांधल्या. हेमंत, मदनमंजरी यांसारखे राग निर्माण करणाऱ्या या माणसाला चार-दोन मिनिटांच्या, मुलांच्या बोटांना झेपतील अशा गती बांधण्यात कमीपणा वाटला नाही. सतार, सरोद, इसराज यांच्या जोडीला व्हायोलिन, चेलो, पेटी आणि पियानो आले. साथीला तबला आणि ढोलक. लोबो मास्तरांकडून घेतलेली गजाची विद्या बुंदेलखंडाच्या शेजारच्या या गावातल्या पोरांच्या हाती अशी पोचली.

नलतरंग

या बँडचे सर्वांत नवलाचे वाद्य म्हणजे नलतरंग. जलतरंग मराठी माणसाला परिचयाचा आहे. चिनी मातीच्या वाडग्यांत कमीजास्त पाणी भरायचे आणि काड्यांनी वाजवायचे. नलतरंगात वाडग्यांऐवजी लोखंडी नळ्या आहेत, आणि त्या नळ्या आहेत बंदुकीच्या! संस्थानातल्या जुन्या बंदुकांच्या नळ्या बाबांनी कापवून घेतल्या, सुरात आणल्या आणि लाकडी चौकटीवर ओळीने मांडल्या. लांब नळीचा सूर खालचा, आखूड नळीचा वरचा. दोन्ही हातांत काड्या घेऊन ठोका दिला, की घंटेसारखा स्वच्छ नाद उठतो.

वाचायला सोपे वाटते, पण काम अवघड आहे. सतारीची तार बरोबर मध्यावर दाबली की वरचा सूर मिळतो. ठोक्याने वाजणाऱ्या नळीचे गणित निराळे. ती निम्मी नव्हे, मूळ लांबीच्या सुमारे सात दशांश इतकी केली, तरी सूर एक सप्तक वर जातो. म्हणजे केसभर जास्त कापले की सूर हलतो, आणि कापलेली नळी पुन्हा लांब होत नाही. कान तयार असल्याशिवाय हे जमणारे काम नव्हे.

या वाद्याचा एक गुण नवशिक्यांच्या फार सोयीचा आहे. व्हायोलिनवर बोट जरासे सरकले तरी सूर बेसूर होतो. तो नेमका लागायला वर्षे जातात. सरोदलाही पडदे नसतात. नलतरंगाच्या नळीत मात्र सूर आधीच पक्का केलेला असतो. पहिल्या दिवशी पहिला ठोका मारणाऱ्या मुलालाही तो शुद्धच मिळतो. लय तेवढी त्याने सांभाळायची. माणसे मारण्यासाठी घडवलेल्या लोखंडातून पोरक्या मुलांनी सूर काढावेत, यापेक्षा वेगळे भाष्य बाबांना करावे लागले नाही.

एका घराची दोन दारे

बाबांचे हे रूप पाहून त्यांना कुणी मवाळ समजेल, तर ते खरे नाही. त्यांचा राग साऱ्या मैहरला माहीत होता. पोटचा मुलगा अली अकबर याला रियाजासाठी झाडाला बांधून ठेवल्याची गोष्ट प्रसिद्धच आहे. भावाच्या, उदय शंकरांच्या, नृत्यमंडळीबरोबर युरोप पाहिलेले रविशंकर १९३८ मध्ये इथे शिकायला आले. एकदा बाबा रागाने बोलले, तेव्हा त्यांनी सामान बांधून निघायची तयारी केली होती. निखिल बॅनर्जींना तर त्यांनी आधी नकारच दिला होता. आकाशवाणीवरचे त्यांचे वादन ऐकल्यावर होकार आला. मग पहाटे चारपासून रात्रीपर्यंत रियाज.

म्हणजे या घराला जणू दोन दारे होती. ज्याला मैफलीचा कलावंत व्हायचे आहे त्याच्यासाठीचे दार अरुंद. तिथे प्रत्येक जण पारखून घेतला जाई. ज्याच्याजवळ काहीच नाही त्याच्यासाठीचे दार मात्र सताड उघडे. दोन्ही दारांवर माणूस एकच होता. आजच्या पालकांना त्यांची शिस्त पटणार नाही, आणि मुलाला बांधून घालण्याची गोष्ट पटूही नये. पण नवशिक्याला नाकारायचे नाही, आणि एकदा घेतल्यावर कच्चे सोडायचे नाही, हा त्यांचा दंडक आजही खरा आहे.

एक दार मात्र बाबांच्याही हातून बंद झाले होते, आणि ते त्यांच्याच लेकीचे. थोरल्या मुलीला गाणे शिकवल्यामुळे सासरी तिचे हाल झाले, म्हणून धाकटीला शिकवायचेच नाही असे त्यांनी ठरवले होते. या धाकटीचे नाव महाराजांनी 'अन्नपूर्णा' ठेवले होते. एके दिवशी बाबा बाहेर गेले असता अली अकबर रियाज करीत होता आणि ही पोर अंगणात खेळत होती. भाऊ चुकला तसे तिने 'बाबांनी असे नाही शिकवले' म्हणून ती जागा गाऊन दाखवली. तिचे लक्ष नव्हते, पण बाबा परत येऊन मागे उभे होते. न शिकवता शिकलेली ही मुलगी पाहून त्यांचा निश्चय मोडला, आणि त्याच दिवसापासून तिची तालीम सुरू झाली. पुढे याच अन्नपूर्णादेवींनी मैफल सोडून मुंबईच्या आपल्या घरात अनेक वर्षे विद्यादान केले. पं. हरिप्रसाद चौरसिया त्यांच्याकडे शिकले. १३ ऑक्टोबर २०१८ रोजी मुंबईतच त्यांचे निधन झाले. मैहरच्या अंगणातली एक ओळ अशी मुंबईपर्यंत आली.

आजचे मैहर

संस्थाने विलीन झाली, राजाश्रय संपला. अशा वेळी दरबारी वाद्यवृंद बंद पडायला वेळ लागत नाही. सुदैवाने तसे झाले नाही. १९५५ मध्ये मैहरला संगीत महाविद्यालय सुरू झाले. वाद्यवृंदाला मध्य प्रदेश शासनाचा आधार मिळाला आणि 'मैहर वाद्यवृंद' या नावाने तो पुढे चालू राहिला. बाबांच्या स्मरणार्थ इथे दरवर्षी संगीत समारोह भरतो. देशातले नामवंत त्यात हजेरी लावतात, आणि त्याच रंगमंचावर वाद्यवृंद बाबांनी बांधलेल्या रचना वाजवतो. नलतरंगाचा ठोका पडला की गर्दीत बसलेली लहान मुले माना उंचावून पाहू लागतात.

पहिल्या पिढीतली ती पोरकी मुले आता कुणीच राहिलेली नाहीत. त्यांनी पुढच्यांना शिकवले, त्यांनी त्यांच्या पुढच्यांना. हे वादन पुस्तकात पाहून येणारे नाही. दोन ठोक्यांमधला दम, गत संपताना सगळ्यांनी एकदम थांबणे, या गोष्टी शेजारी बसूनच कळतात. म्हणून या वाद्यवृंदाचे आयुष्य वाद्ये जपण्यावर अवलंबून नाही. चौकटीपुढे दरवर्षी एखादे नवे, अवघडलेले पोर येऊन बसते की नाही, यावर आहे. नळ्या गंजल्या तर नव्या कापता येतील. शिकणाऱ्यांची साखळी तुटली तर ती जोडायची कुणी?

जाण्यायेण्याची सोय

मैहर हे कटनी-सतना रेल्वेमार्गावरचे स्टेशन. मुंबईहून जबलपूरमार्गे जाता येते. विमानाने यायचे झाल्यास जबलपूर किंवा खजुराहोपर्यंत येऊन पुढे रस्त्याने यावे. चैत्र आणि आश्विन नवरात्रांत प्रचंड गर्दी असते. निवांतपणे पाहायचे तर नवरात्र टाळून हिवाळ्यात जावे. धर्मशाळा पुष्कळ आहेत. मध्य प्रदेश पर्यटन मंडळाच्या इथल्या निवासाचे नावच 'सूरबहार' आहे. अन्नपूर्णादेवी वाजवीत ते हेच वाद्य. हाती एक दिवस अधिक असेल, तर सतन्याहून चित्रकूटही करून येता येईल.

सकाळी देवी, दुपारी मदिना भवन, असा बेत मुलाबाळांसह सहज जमतो. टेकडीवर मुलांच्या कपाळी कुंकू लागतेच. खाली उतरल्यावर त्यांना बंदुकीच्या नळ्यांच्या वाद्याची गोष्ट सांगायला विसरू नये. परतल्यावर त्यांतले एखादे क्लासला जायचा हट्ट धरील, आणि 'हिला सूर कुठे आहे' किंवा 'याला जमेल का' असा प्रश्न घरात कुणीतरी काढील. त्या वेळी मैहरची ती पोरकी मुले आठवावीत. त्यांच्याबद्दल हा प्रश्न बाबांनी विचारलाच नव्हता.